वीतभर खेकड्याची वाट

जानेवारी उजाडला की मी पुन्हा शाळकरी पोर होतो, असं आमची ही म्हणते. तिचं चुकत नाही. जानेवारीत विलायतेतली हॉर्नबी कंपनी वर्षभरात कोणती नवी मॉडेल इंजिनं आणि डबे काढणार ते जाहीर करते, आणि महिन्याच्या शेवटी जर्मनीत न्यूरेम्बर्गला खेळण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे युरोपातल्या बाकी कंपन्या आपापले पत्ते उघडतात. शहात्तर वर्षांचा निवृत्त मास्तर तेव्हा चहा गार होईपर्यंत कॉम्प्युटरला डोळे लावून बसलेला असतो. आपल्याकडचं काही आहे का, एवढंच बघायचं असतं. यंदाही बसलो होतो. माझ्या कामाचं काही निघालं नाही. असो.

नागपूरच्या वहिनी हे पान नेमाने वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही चावीची आगगाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान, पण मापात, खिडकी न् खिडकी मोजून केलेली असते. आमच्या गच्चीवरच्या खोलीत आठ फुटी प्लायवूडवर माझे रूळ आहेत (हिच्या भाषेत ‘पसारा’). बोगदा कागदाच्या लगद्याचा, झाडं घासणीच्या काथ्याची. आणि त्या घाटातून धावतात कोण? जर्मन आणि इंग्रज!

हेच मला टोचतं. इंग्लंडात ‘ज्युबिली’ वर्गाची 191 वाफेची इंजिनं होती. त्यांतल्या कितीतरींना साम्राज्यातल्या गावांची नि संस्थानांची नावं दिली होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा आणि चक्क कोल्हापूरसुद्धा! 1934 सालचं ते ‘कोल्हापूर’ इंजिन बर्मिंगहॅममध्ये टाइझली इथे जपून ठेवलं आहे. ज्युबिलीची मॉडेलंही अनेक वर्षं निघत आली आहेत. म्हणजे आपलं नाव त्यांच्या इंजिनावर बसतं, पण आपलं इंजिन त्यांच्या खोक्यात बसत नाही. आपल्याकडे हौसेची वाण आहे म्हणावं, तर तसंही नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे एकदा जाऊन बघा, पोरांआधी बापच काचेला नाक लावून उभे असतात.

मला काय हवं आहे? एकच सांगायचं तर खेकडा.

आमचं लहानपण कर्जतला स्टेशनाच्या अगदी जवळ गेलं. कर्जतच्या पुढे खंडाळ्याचा घाट, चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. गाडीला हे एकटीने जमत नाही, म्हणून कर्जतला मागून ढकलायला इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. डेक्कन क्वीनही त्यासाठी कर्जतला थांबे. आमच्या वेळी हे ढकलायचं काम करी तो खेकडा. सरकारी नाव डब्ल्यूसीजी-1. स्वित्झर्लंडमध्ये आखणी झालेलं, 1928 च्या सुमारास आलेलं विजेचं इंजिन. मधे उंच खोली, दोन्ही बाजूंना लांब नाकाडं, खाली चाकांना जोडणारे आडवे दांडे. चालायला लागला की ते दांडे खेकड्याच्या पायांसारखे वरखाली व्हायचे. उभा असला की कण्हायचा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ते कण्हणं ऐकू येई आणि मग झोप लागे.

माझा थोरला भाऊ, दादा, 1966 साली रेल्वेत लागला आणि पुढे त्याच घाटात असिस्टंट ड्रायव्हर झाला. मी बी.ए. करून खडूच्या धुळीत गेलो, तो ग्रीसमध्ये. दादा आता एक्क्याऐंशीचा आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेले आहेत.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा ठेवला आहे. 2017 साली मी दादाला तिथे घेऊन गेलो. तेव्हा त्याला अंधुक उजेड-सावली कळत असे, त्याहून जास्त नाही. त्याने चाकावर हात ठेवला, मग दांड्यावर. हात जाईल तेवढं चाचपलं आणि थांबला. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मी तीस वर्षं पोरांना शिकवली, पण ती त्या दिवशी कळली. एवढं धूड, हाताला येणार किती? परतीच्या वाटेवर दादा म्हणाला, “अरे, चाक तेच आहे. पण तो सगळा कुठे दिसला मला?”

मॉडेल कशाला हवं, खेळायचं वय आहे का, असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे. सगळं इंजिन एकदम हातात यायचं असेल तर ते वीतभरच असावं लागतं.

झुरिकला असलेली पुतणी दादाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मर्क्लिन कंपनीचं स्विस ‘क्रोकोडाइल’ घेऊन आली. म्हणजे आमच्या खेकड्याचाच थोरला भाऊ. तिकडे ही मगर पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुन्हा निघते आणि खपते. धातूचं, हाताला वजन लागेल असं मॉडेल. दादाने ते मांडीवर घेतलं, नाकाडावरून बोट फिरवलं, चेहरा खुलला. मग बोट खाली चाकांकडे गेलं आणि कपाळाला आठी. “हे पुढचं छोटं चाक कसलं? आपल्याला नव्हतं.” खरंच नव्हतं! स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक लहान जादा चाकजोडी असते, आपल्याला सहा-सहा मोठी चाकंच. बारा-तेरा वर्षं डोळ्यांनी नीट न बघितलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात ती ओळखली.

कंपन्यांची अडचण मला समजते. साचा महाग, आणि काही हजार नग खपल्याशिवाय तो परवडत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात इंजिनापासून करूच नका, डब्यापासून करा. पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून 2018 पर्यंत जो आयसीएफ डबा बनला, ज्यातून आपण सगळे लग्नाला, परीक्षेला, बारशाला गेलो, त्याचा एक चांगला साचा करा. त्याच साच्यातून तांबड्या रंगाचा डबा निघेल, निळा निघेल, डेक्कन क्वीनचा पांढऱ्या पट्ट्याचाही निघेल. सत्त्याऐंशीव्या मापात तो भरतो साडेचोवीस सेंटीमीटर. एकाच डब्याला गाडी म्हणत नाहीत, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक निदान पाच घेईल. हे गणित मराठीच्या मास्तरालासुद्धा जमतं! आता रुळांवरून हा डबा हळूहळू उतरतो आहे. डेक्कन क्वीनलाही 2022 मध्ये नवे एलएचबी डबे लागले. डबा आठवणारी माणसं आहेत तोवर मॉडेल काढलं तर खपेल. वंदे भारतची मॉडेलं जरूर काढा, नातवंडं घेतील. पण पेन्शनीतून पैसे बाजूला टाकणारे आम्ही लोक वेगळ्या गाडीची वाट बघतोय.

आणखी एक. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, म्हणजे या मापात रूळ एकोणीस मिलिमीटरवर पडायला हवेत. बाजारात सगळीकडे मिळतात ते साडेसोळाचे. काही जाणकार यावर हटून बसतात, अरुंद रुळावर आमची गाडी नको म्हणतात. मला हे पटत नाही. अहो, आधी गाडी तर येऊ द्या! पावणेतीन मिलिमीटरसाठी अडून राहण्याएवढी वर्षं आमच्यापैकी पुष्कळांच्या हाती नाहीत. आता नोंदणी आज करायची नि माल दीड-दोन वर्षांनी यायचा, अशी पद्धत पडली आहे. तिशीतल्या माणसाला ती चालते. आम्ही पैसे भरताना मनातल्या मनात दुसराच हिशेब करतो.

पुतणी म्हणते, त्रिमितीय छपाईवर करून घेऊ. एकदा करून बघितलं. आकार बरा होता, पण हलका प्लास्टिकचा, आणि दांडे हलत नव्हते. दादाने हातात घेऊन शांतपणे टेबलावर ठेवला. काही बोलला नाही.

परवा रविवारी त्याचा नेहमीचा फोन आला. पाऊसपाणी झालं, सुनेच्या हातच्या उकडीच्या मोदकांचं झालं, मग हळूच म्हणाला, “काय रे, त्या जर्मनीच्या जत्रेत काही?” म्हटलं, यंदा नाही. “बरं. मगरीचं ते पुढचं चाक काढता येतं का बघ ना.” पाना घेऊन बसलो होतो काल. निघत नाही. बोगद्याच्या तोंडाशी एका रुळावर वीतभर जागा मात्र मी अजून मोकळी ठेवली आहे.