शितावरून भाताची परीक्षा

अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही. पण त्यांच्या बाद फेरीत कोण जातो आणि कसा जातो, हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. वर्षभर केलेल्या कामाची किंमत कशी ठरवायची? वर्षाच्या कामावरून, की शेवटच्या चार दिवसांवरून? शाळेपासून सरकारी नोकरीपर्यंत हाच प्रश्न आपल्यालाही छळत आलेला आहे.

आधी हिशेब समजून घेऊया. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीग, प्रत्येकीत १५ संघ. त्यांचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे पाच-पाच संघांचे तीन गट. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ तब्बल १६२ सामने खेळतो. एवढ्या सामन्यांत नशीब कुणाला फार काळ साथ देत नाही. संघाचा खरा कस लागतो तो इथेच.

१९६८ पर्यंत मामला सरळ होता. लीगमध्ये जो सर्वांत वर, तो थेट 'वर्ल्ड सिरीज' या अंतिम लढतीत. लीग जिंकणे म्हणजे 'पेनंट' जिंकणे, आणि त्या पताकेला स्वतःचा मान होता. १९६९ मध्ये प्रत्येक लीगचे दोन गट पडले आणि मध्ये उपांत्य फेरी आली. पुढे तीन गट झाले आणि 'वाइल्ड कार्ड' आले, म्हणजे गटात पहिला न येताही उरलेल्यांत सर्वाधिक सामने जिंकणाऱ्याला प्रवेश. १९९४ चा हंगाम खेळाडूंच्या संपात बुडाला, म्हणून ही पद्धत प्रत्यक्षात आली १९९५ मध्ये. २०१२ मध्ये वाइल्ड कार्डे दोन झाली, २०२२ पासून तीन. आज प्रत्येक लीगचे सहा, असे एकूण १२ संघ आत जातात. १९६८ मध्ये २० पैकी २ जात, आता ३० पैकी १२!

वाइल्ड कार्ड आले ते मात्र उगाच नव्हे. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी १०३ सामने जिंकले आणि तरी ते घरी बसले, कारण त्यांच्याच गटात अटलांटा ब्रेव्ह्जनी १०४ जिंकले होते. शेजारच्या गटातून फिलाडेल्फिया ९७ विजयांवर आत गेला. गटाच्या कुंपणामुळे कर्तबगार संघ मारला गेला. हा अन्याय दूर व्हायलाच हवा होता, आणि तेवढ्यापुरते वाइल्ड कार्ड ही न्यायाचीच गोष्ट होती.

पण एकदा दार किलकिले झाले की ते तेवढ्यावर थांबत नाही. जास्त संघ म्हणजे जास्त सामने, जास्त प्रक्षेपण, जास्त पैसा. आता वाइल्ड कार्डवाल्यांची पहिली फेरी तीन सामन्यांची, पुढची पाचांची आणि नंतरच्या दोन सातांच्या. १६२ सामन्यांनंतर तीन किंवा पाच सामन्यांत निकाल लावणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला की नाही हे शितावरून कळते हे खरे, पण तांदूळ कुणाचा चांगला हे कळत नाही.

उदाहरणे हवीत? २०२१ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी १०६ सामने जिंकले. त्यांच्या गटात जायंट्सनी १०७ जिंकले, म्हणून डॉजर्सना वाइल्ड कार्डच्या एकाच सामन्यात ९० विजयांच्या सेंट लुईसविरुद्ध प्राण पणाला लावावे लागले. ते वाचले, पण अगदी नवव्या डावात. शेवटी त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज जिंकली ती ८८ विजयांच्या अटलांटाने. २०२२ मध्ये डॉजर्सनी १११ जिंकले आणि ८९ विजयांच्या सॅन दिएगोने त्यांना चार सामन्यांत घरी पाठवले. २०२३ मध्ये तर वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर आलेले दोन्ही संघ वाइल्ड कार्डवाले होते, आणि त्यांतल्या ॲरिझोनाचे विजय होते फक्त ८४.

यावर उत्तर तयार असते : हाच तर खेळ! दुबळ्यालाही आशा हवी. मलाही ते नाकारता येत नाही. २०११ च्या ऑगस्टअखेर सेंट लुईस वाइल्ड कार्डच्या शर्यतीत साडेदहा सामन्यांनी मागे होता. २८ सप्टेंबरला, हंगामाच्या अगदी शेवटच्या रात्री तो आत शिरला आणि वर्ल्ड सिरीज जिंकून बाहेर पडला. असा सप्टेंबर ज्या गावाला मिळतो, ते गाव तो जन्मभर विसरत नाही. तेव्हा दार बंद करा, असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ते आपल्या फातोर्ड्यावर शिकण्यासारखे आहे. २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा १८ सामन्यांत ३९ गुण मिळवून पहिला आला. उपांत्य फेरीत २९ गुणांच्या चेन्नईयनने दोन सामन्यांत मिळून त्याला ६-५ असे हरवले. अंतिम सामना फातोर्ड्यावरच झाला, पण त्यात गोवा नव्हता! असे असूनही त्या वर्षाचे गोव्याचे काम वाया गेले नाही. साखळीत अव्वल आल्याबद्दल विजेत्याची ढाल मिळाली, आणि तिच्या जोरावर २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. करंडक एकाचा, ढाल दुसऱ्याची. दोन वेगळ्या गुणांना दोन वेगळे मान.

बेसबॉलमध्ये ही ढालच नाही. पूर्वी लीगमध्ये पहिला येणाऱ्याची असलेली पेनंटची पताका आता बाद फेरीत लीग जिंकणाऱ्याला मिळते. २०२५ मध्ये मिल्वॉकी ब्रुअर्सनी ९७ सामने जिंकले, सर्व ३० संघांत सर्वाधिक. उपांत्य फेरीत ९३ विजयांच्या डॉजर्सनी त्यांना ४-० हरवले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. मिल्वॉकीच्या हाती काय उरले? पहिल्या फेरीतून मिळालेली सूट आणि घरच्या मैदानावरचे थोडे जास्त सामने. मान म्हणावा असे काहीच नाही.

म्हणून म्हणतो, बाद फेरी खुशाल १२ संघांची असू दे. पण पेनंट ज्याची होती त्याला परत द्या. १६२ सामन्यांनंतर लीगमध्ये जो पहिला, पताका त्याची. ऑक्टोबरचा करंडक ज्याला मिळेल त्याला मिळो. उरूस गाजवणारा वेगळा आणि वर्षभर शेत कसणारा वेगळा. गावाला दोघेही हवे असतात, पण धान्य कुणामुळे घरात आले, याचा विसर पडता कामा नये.