काळा पाषाण आणि इंदूर

इंदूरजवळच्या धार जिल्ह्यातील पाडल्या गावचे शेतकरी काही गोल दगडांची ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजा करीत आले. शेताचा व गुरांचा हा राखणदार. ते दगड म्हणजे डायनोसॉरची अश्मीभूत अंडी असल्याचे शास्त्रज्ञांनी ओळखल्याची वार्ता २०२३ साली आली. त्या शेतकऱ्यांना हसण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आपल्या देव्हाऱ्यातील शाळिग्राम हाही प्राचीन सागरातील जीवाचा अवशेषच होय. अजाणता श्रद्धेने जे राखले, ते जाणत्यांच्या हातून गमावू नये, एवढीच आमची चिंता आहे.

धार जिल्ह्यातील अशा ९२ घरट्यांचे व २५६ अंड्यांचे संशोधन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले. त्यांतूनच माळव्याचे पठार आणि आपला सह्याद्री घडला. होळकरांचे इंदूर त्याच काळ्या पाषाणावर वसले आहे. स्वच्छतेत अग्रेसर ठरलेल्या या नगरीने टाकाऊ लोखंडातून शिल्पे उभारली, हे स्तुत्यच आहे. भंगाराला मिळालेला हा मान पायाखालच्या पाषाणालाही मिळावा.

आमची सूचना साधी आहे. एखाद्या उद्यानात काळ्या दगडाची ६६ पावलांची वाट बांधावी. एक पाऊल म्हणजे १० लक्ष वर्षे. शेवटच्या पावलापाशी स्थानिक पाथरवटांनी घडविलेले ते घरटे असावे. या मापाने अहिल्याबाईंपासून आजवरचा काळ दोन केसांच्या जाडीइतकाच भरेल! रंगीत फायबरचा डायनोसॉर मुलांना घटकाभर रिझवील. ही वाट त्यांना काळाचे भान देईल.

हा उपदेश करताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी जांभ्याच्या सड्यावरच चित्रे कोरली. कशेळीचा प्रचंड हत्ती, उसगाळीमळची वर्तुळे ही उघड्यावरची, सर्वांची कला होय. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. परंतु यादी म्हणजे कुंपण नव्हे. चिरेखाणीचा एक घाव पुरेसा असतो. इंदूरने नवे शिल्प घडवावे, आपण असलेले राखावे. राखणदाराला नारळ देणाऱ्या समाजाने कधी तरी स्वतःही राखण केली पाहिजे.