उतरता येत नसेल, तर गाडीतच बसा

नागपुरातल्या इतवारीच्या गल्ल्यांत जोडचाकांच्या स्कूटरवर ये-जा करणारे दिव्यांग भाऊ-बहीण पुष्कळ आहेत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर ती स्कूटर चालत नाही. तिथे दुचाकी-तीनचाकीला बंदी. म्हणून ज्यांना जमतं ते हातानं ब्रेक दाबायची सोय केलेली कार घेतात. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण खुला झाला. नागपूरच्या टोकाला शिवमडक्याहून अशी कार घेऊन निघणाऱ्यांनी एवढं ऐका.

गाडी बंद पडली की उतरा, कठड्यापलीकडे उभे राहा, असं सगळे सांगतात. ज्याचे पाय चालतात त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. १५ ऑक्टोबर २०२३ ला याच रस्त्यावर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर मागून प्रवासी गाडी आदळली आणि १२ जण गेले. पण आपल्याकडे चालकाचं दार रहदारीच्या बाजूला उघडतं. शेजारून १२० च्या वेगानं गाड्या जात असताना व्हीलचेअर काढायची कुठे? गाडीत थोडा दम असेल तर पुढच्या बाहेर पडायच्या रस्त्यापर्यंत न्या. नाहीच जमलं तर अगदी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, पट्टा बांधलेला ठेवा आणि ११२ लावा. पहिलंच वाक्य असू द्या: ‘मी दिव्यांग आहे, मला गाडीतून उतरता येत नाही.’ मग किलोमीटरचा आकडा आणि मुंबईकडे चाललात की नागपूरकडे, ते सांगा. घरी फोन त्यानंतर.

मे महिन्यात खरा शत्रू ऊन. एसी बंद पडलेली गाडी भट्टीसारखी तापते आणि मणक्याला इजा झालेल्यांना दुखापतीखालच्या भागात घामच नीट येत नाही, त्यामुळे ताप झपाट्यानं चढतो. डावीकडची काच उघडा. भरपूर पाणी, ओला दुपट्टा, औषधं, पॉवर बँक हाताच्या अंतरावर ठेवा, डिक्कीत नव्हे.

विम्याच्या मदतसेवेला आजच विचारा: गाडी पूर्ण उचलून नेता का? व्हीलचेअर आणि माणूस कशात बसवता? क्रेनच्या उंच केबिनमध्ये चढा म्हणतील, तर ती सेवा तुमच्या कामाची नाही.

आणि माल घेऊन त्याच रस्त्यानं जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनो, दिव्यांग चालकाची अशी बंद पडलेली गाडी दिसली तर तिच्यामागे आपली गाडी लावू नका, माणसाला ओढून तर मुळीच काढू नका. आग किंवा धूर असेल तर गोष्ट वेगळी. पुढे सुरक्षित जागी थांबून ११२ ला कळवा. पोलिसांच्या चौकशीची धास्ती नको. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.