वर्षभराची विलायत

आपल्या समाजाच्या शिक्षणाविषयी बोलताना सच्चर समितीचा आकडा सांगण्याची रीत पडली आहे. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, असे २००६ च्या त्या अहवालाने दाखवले. त्यानंतर मुले शिकू लागली, मुली तर त्यांच्याही पुढे गेल्या. पण तालीमची ही भूक जागी झाली, तसे ती हेरणारे दुकानदारही जागे झाले. मुंब्र्यापासून रत्नागिरीपर्यंत त्यांच्या दुकानातला हमखास खपणारा माल म्हणजे ब्रिटिश विद्यापीठाची एका वर्षाची एम.एस्सी. : इंटरनॅशनल बिझनेस अँड मॅनेजमेंट.

माझा वाद विलायतेला जाणाऱ्या मुलांशी नाही. तो विकणाऱ्यांशी आहे, आणि घेताना एकही प्रश्न न विचारणाऱ्या आपल्याशी आहे.

आधी दुकानाचा हिशेब पाहू. इंग्लंडमधल्या स्थानिक मुलांच्या पहिल्या पदवीच्या फीला सरकारी मर्यादा आहे. २०१७ पासून कित्येक वर्षे ती ९,२५० पौंडांवर अडकून होती. परदेशी विद्यार्थ्याला अशी मर्यादा नाही. मग तूट भरायची कुणी? ज्या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, एक सभागृह आणि एक पडदा पुरतो, त्या विषयात परदेशी मुले भरायची. या अभ्यासक्रमाची फी साधारण १५ ते २५ हजार पौंड, नामांकित ठिकाणी त्याहून बरीच जास्त. रुपयांत सोळा-सतरा लाखांपासून पुढे. राहणे, जेवणे, आरोग्य अधिभार वेगळा. फी आणि नऊ महिन्यांचा खर्च खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचे दाखवावे लागते. हे २८ दिवस आपल्या मोहल्ल्यांत एक स्वतंत्र व्यवहार होऊन बसले आहेत. मामूंकडून पाच लाख, चाचांकडून चार, उरलेले कुठून आले ते विचारू नये.

आणि 'आमचा सल्ला मोफत' म्हणणारा एजंट? त्याला विद्यापीठाकडून पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा मिळतो. म्हणजे त्याचे मीठ कुणाचे, हे उघड आहे. एजंटांची नोंदणी सक्तीची करा, असे ब्रिटनच्या स्थलांतर सल्लागार समितीनेच २०२४ मध्ये आपल्या सरकारला सुचवले. विकणाऱ्या देशाला जी शंका आली, ती घेणाऱ्याला येऊ नये?

या पदवीची मागणी ज्ञानासाठी आहे म्हणावे, तर ती व्हिसाच्या मागे-मागे का चालते? शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची सवलत ब्रिटनने २०१२ मध्ये बंद केली आणि २०२१ मध्ये पुन्हा दिली. ती दिल्याबरोबर भारतीय मुलांची गर्दी उसळली. जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांना बायको-मुले सोबत नेता येत नाहीत. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचे दीड वर्ष ठरले आहे. त्यापुढे राहायचे तर जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड पगाराची नोकरी हवी. नवख्यांना सवलत आहे, पण तीही ३३,४०० पौंडांची. गोदामात रात्रपाळी करणाऱ्याला हे कसे जमावे?

आता त्या एका वर्षात शिकवतात काय, ते बघू. जवळपास प्रत्येक ठिकाणी हॉफस्टेड येतो. या डच अभ्यासकाने आयबीएम कंपनीच्या नोकरांकडून १९६७ ते १९७३ या काळात प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि देशोदेशींच्या संस्कृतींना गुण दिले. त्यात कुवेत, सौदी, अमिरात, इराक, इजिप्त, लिबिया, लेबनान एवढे सगळे 'अरब देश' या एकाच खात्यात! पाकिस्तानातून तर दोन्ही पाहण्या मिळून शंभराच्या आसपास माणसे. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये या पद्धतीची चिरफाड केली, तरी तक्ते चालूच आहेत. ज्या मुलाच्या अब्बांनी पंचवीस वर्षे आखातात काढली, कुवेती मालकाशी कसे बोलावे आणि लेबनानी मॅनेजरशी कसे, हे ज्यांना झोपेतही सांगता येईल, त्यांचा मुलगा त्यांच्याच कमाईतून फी भरून 'अरब माणूस' एका आकड्यात शिकतो. आणि अब्बांना म्हणतो, तुम्हाला मॅनेजमेंट कळत नाही!

दाभोळ, चौल, राजापूर ही बंदरे ज्यांच्या वाडवडिलांनी पाहिली, ज्यांची आडनावे आजही नाखवा आणि नाखुदा आहेत, त्यांना आंतरराष्ट्रीय व्यापार परका नाही. जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदार महंमद अली रोघे कोकणी मुसलमानच होते आणि त्यांचा व्यापार चीनपर्यंत होता. त्यात अफूही होती. ते लपवू नये, उलट व्यापारातल्या नीतीचा पहिला धडा तिथूनच द्यावा. पण हा इतिहास ना तिकडच्या वर्गात येतो, ना इकडच्या.

कुणी म्हणेल, तुम्हाला गरिबांची मुले पुढे गेलेली बघवत नाहीत. उलट आहे. श्रीमंताचे पंचवीस लाख बुडाले तर त्याची हवेली राहते. आपल्याकडे त्यासाठी बापाचा प्लॉट जातो, आणि बहिणीसाठी ठेवलेले सोने जाते. बारावीला भावापेक्षा जास्त गुण मिळवलेल्या बहिणीला मात्र जवळचे कॉलेज पुरे असते. व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज टाळले जाते. ते तत्त्व मला समजते, पण मग नातेवाइकांचे पैसे तीन-तीन वर्षे परत न करणे कोणत्या तत्त्वात बसते? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरच्या व्याजाला मदत करणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. तेव्हा आपल्या किती संस्थांनी आवाज उठवला?

आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक काढायला सरकारी फी ५०० रुपये लागते. भिवंडी-मालेगावात माग आहेत, रत्नागिरीत आंबा आहे. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यात कापड आहे. लेटर ऑफ क्रेडिट कसे वाचावे, जहाजाची बिल्टी कुणाच्या नावे करावी, माल कुठे पोचला की जबाबदारी कुणाची, हे सहा महिन्यांत मराठीत आणि उर्दूत शिकवता येईल. आपल्या शिक्षणसंस्थांकडे इमारती आहेत, संध्याकाळी त्या रिकाम्या असतात. शिकवायला आखातातून परतलेली, गोदी-कस्टममध्ये आयुष्य काढलेली माणसे आहेत. त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही.

ज्याला जायचेच आहे, त्याने जरूर जावे. पण एजंटकडे लेखी मागावे : या अभ्यासक्रमाच्या मागच्या तुकडीतल्या किती भारतीयांना शिक्षणाला साजेशी नोकरी लागली? आणि आपल्या जमातींनी, शिक्षणसंस्थांनी पुढच्या सत्कार समारंभात विलायतेला निघालेल्यांना शाल घालण्यापूर्वी तीन वर्षांमागे ज्यांना शाल घातली होती त्यांना व्यासपीठावर बोलवावे. फी किती गेली, कर्ज किती फिटले, काम कोणते केले, हे त्यांच्या तोंडून सर्वांसमोर ऐकावे. शाली नंतर.