अधिक तास, क्षय तास



घड्याळ पुढे करायचं की मागे, हा प्रश्न इथे वर्षातून दोनदा प्रत्येक घरात निघतो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. मग भारतात फोन लावताना "आता साडेसहा तास की साडेसात?" असं बोटांवर मोजणं आलंच. पण मुंबई-पुण्याहून कोबॉल आणि जेसीएलची शिदोरी बांधून इथे आलेल्या आम्हा मंडळींत हा विषय निघाला, की ताटातलं अन्न निवतं आणि घरचे म्हणतात, "झालं यांचं मेनफ्रेम सुरू!" तेव्हा या वेळी ठरवलं, की या गप्पा सर्वांना कळतील अशा सांगाव्यात. कारण त्यांत आपल्या सर्वांचेच पैसे अडकलेले आहेत.

न्यूझीलंडमध्ये मोठा संगणक पहिल्यांदा आला तो १९६० साली, सरकारच्या अर्थखात्यात. आयबीएम ६५० त्याचं नाव. पुढे १९६७ साली इथल्या बँकांनी एकत्र येऊन 'डेटाबँक' काढली आणि दिवसभराचे चेक रात्रीतून हिशेबात पडू लागले. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेली सिस्टिम/३६० ही आजच्या मेनफ्रेमची पणजी. त्या काळी लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या यंत्रावरही चालू शकतात. हे त्या घराण्याचं वैभव, आणि डोकेदुखीही!

या यंत्राचा सिस्टिम प्रोग्रॅमर म्हणजे वाड्याचा जुना कारभारी. पगाराचा किंवा व्याजाचा प्रोग्रॅम तो लिहीत नाही. यंत्र सुरू करणं, त्याच्या मूळ प्रणालीत दुरुस्त्या घालणं आणि रात्री दोनला 'सॉक-सेव्हन' येऊन काम आडवं झालं, तर डंप वाचून आकड्याच्या जागी भलतंच काय शिरलं ते हुडकायला मदत करणं, ही त्याची कामं. सगळं सुरळीत चाललं, तर तो आहे हे कोणाला कळतही नाही.

आता घड्याळाकडे येऊ. आपल्या पंचांगात जिला एकही सूर्योदय मिळत नाही ती क्षय तिथी, आणि जिला दोन मिळतात ती वृद्धी तिथी. न्यूझीलंडच्या मेनफ्रेमलाही हे दोन्ही भोगावं लागतं. सप्टेंबरात पहाटे दोन ते तीन हा तास नाहीसाच होतो, म्हणजे क्षय तास. एप्रिलमध्ये तोच तास दोनदा येतो, म्हणजे अधिक तास! मग अडीच वाजता खात्यात पैसे आले आणि अडीच वाजताच गेले, तर आधी काय झालं? वहीतली नोंद स्थानिक वेळेने असेल, तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. यावर जाणत्यांचा उपाय असा: यंत्राचं मूळ घड्याळ कायम ग्रिनिच वेळेवर ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, स्थानिक वेळेचा फरक तेवढा वेगळा सांगायचा. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते, सूर्योदय मात्र ज्याचा त्याचा. म्हणून तर आपला सण कधीकधी मुंबईच्या कालनिर्णयातल्या तारखेला पडत नाही. तत्त्व तेच!

तारखेची गोष्ट याहून नाजूक. जुन्या फायलींत तारीख पाच आकड्यांत असे: दोन आकडे सालाचे, तीन दिवसाचे. ९९३६५ म्हणजे १९९९ सालचा ३६५वा दिवस. हे तीन बाइटमध्ये बसतं. पूर्ण साल लिहायचं तर चार बाइट लागतात. "एकच बाइट ना? वाढवा की!" असं कोणी म्हणालं, की समोरून ठरलेलं उत्तर येई: "अहो, त्या एका बाइटपायी अख्खी फाइल सरकते. ती वाचणारे शेकडो प्रोग्रॅम एकाच रात्री कोण बदलणार? तुम्ही?" मग पळवाट निघाली ती 'खिडकी'ची. फाइल तशीच ठेवायची आणि प्रोग्रॅमला सांगायचं, की साल ५०च्या आत असेल तर विसावं शतक न धरता एकविसावं धर. कुठे ५०, कुठे ३०, कुठे २०. काम भागलं, पण ते दुखणं मिटलं नाही, पुढे ढकललं गेलं.

त्यात आणखी एक गंमत. टेपवर ९९३६५ ही मुदत घातली, की त्याचा अर्थ अनेक ठिकाणी "ही टेप कधीही पुसू नका" असा होता. कारण १९७०च्या सुमारास १९९९ म्हणजे कलियुगाचा शेवटच वाटत होता!

न्यूझीलंडला या बाबतीत एक मान आहे, हवा असो वा नको. बहुतेक जगाआधी तारीख आपल्याकडे उजाडते. त्यामुळे ठेच आधी आपल्याला, शहाणपण मागच्यांना. १९९६ संपता संपता मध्यरात्रीच्या ठोक्याला साउथलँडमधल्या टिवाय पॉइंटच्या ॲल्युमिनियम कारखान्यातले नियंत्रक संगणक बंद पडले. लीप वर्षाला ३६६वा दिवस असतो, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. नुकसान दहा लाख डॉलरांच्या वर गेलं. दोन तासांनी टास्मानियातल्या जोडकारखान्यात मध्यरात्र झाली आणि तिथेही तेच!

पुढे १ जानेवारी २००० ला जगाने आधी आपल्याकडे पाहिलं. दिवे गेले नाहीत, बँका बुडाल्या नाहीत. लगेच लोक म्हणू लागले, "वाय-टू-के हा नुसता बागुलबुवा होता." मंडळी, धरण फुटलं नाही म्हणून पाणी नव्हतंच, असं म्हणण्यासारखं आहे हे. ज्यांनी वर्षानुवर्षं रविवारच्या रात्री चाचण्या करण्यात घालवल्या, त्यांना विचारा. आणि बागुलबुवाच होता, तर २९ फेब्रुवारी २०२४ रोजी देशभरातल्या अनेक स्वयंसेवा पंपांवर कार्ड का चालेनात? दहा तासांहून अधिक काळ लोक पेट्रोलसाठी खोळंबले, तेही लीप वर्षाच्याच पायी.

यापुढची तारीखही आमच्या गप्पांत ठरलेली आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमचं घड्याळ १९०० सालापासून मोजत आलंय, आणि त्याची मूळ जागा सुमारे १४३ वर्षांनी भरते: १७ सप्टेंबर २०४२, ग्रिनिच वेळेने रात्री ११ वाजून ५३ मिनिटांनी. आपल्याकडे तेव्हा १८ तारखेची दुपार व्हायला आली असेल, मुंबईत पहाटेचे साडेपाचही वाजलेले नसतील. मात्र हे घड्याळ ग्रिनिचचं, त्यामुळे या वेळी ठेच सगळ्या जगाला एकदमच! आयबीएमने याहून रुंद घड्याळाची सोय केव्हाच करून ठेवली आहे. पण जुना आठ बाइटचा आकडा जपून ठेवणारे प्रोग्रॅम कोणीतरी बसून बदलायला हवेत.

खरी काळजी त्या 'कोणीतरी'ची आहे. कोणत्या फायलीत खिडकी ५०ला आहे आणि कोणत्या ३०ला, हे पुष्कळदा कागदावर नसतं; निवृत्त होऊ घातलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. त्याला निरोप म्हणून पुष्पगुच्छ मिळतो, केक कापतात, आणि तीस वर्षांचं पंचांग त्याच्याबरोबर घरी जातं.

म्हणून एवढंच सुचवावंसं वाटतं. आपल्या मंडळींपैकी जे अजून या कामात आहेत, त्यांनी निवृत्तीआधी चार पानं लिहून ठेवावीत: काय केलं, आणि मुख्य म्हणजे तसं का केलं. आणि घरातल्या मुलांना "मेनफ्रेम? ती तर म्युझियममध्ये असते" असं वाटत असेल, तर पुढच्या गप्पांना त्यांनाही बसवून घ्या. २०४२ साली रात्री दोनला फोन वाजेल तो त्यांच्याच उशाशी.

तोवर, एप्रिलमध्ये मिळणारा अधिक तास झोपेत घालवा. अधिक मासासारखं त्याचं काही वाण द्यावं लागत नाही!