मातीची ओढ

काही मुलांना नदीकाठी, माळरानावर भटकायला फार आवडते. घरी येताना त्यांच्या खिशात रंगीत दगड असतात आणि हातापायांना चिखल. मग घरची माणसे रागावतात. "याने पोट भरेल का?" असे विचारतात. मला वाटते, याच आवडीतून एखाद्याचा व्यवसाय उभा राहू शकतो.

सरदार गुरुचरण सिंग यांचे उदाहरण पाहा. जम्मूच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकले. दगड, माती आणि खनिजे हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे दिल्लीत त्यांना अब्दुल्ला नावाचे पठाण कारागीर भेटले. दिल्लीच्या काही जुन्या इमारतींवर निळ्या फरशा दिसतात. तसे काम अब्दुल्लांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. पदवीधर गुरुचरण सिंग या कारागिराकडून शिकले. १९२० च्या सुमारास ते जपानला गेले आणि तेथील कुंभारकामही शिकले. त्यांनी घडवलेली निळी भांडी नावाजली गेली. १९९१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

कुंभाराला निसर्ग ओळखावाच लागतो. कोणती माती चिकट आहे, कोणती रेताड आहे, हे त्याची बोटे सांगतात. कच्चे भांडे कडक उन्हात घाईने वाळवले तर तडकते. म्हणून तो ते सावलीत ठेवतो. मातीत लोह असेल तर भाजलेले भांडे लाल होते. झिलईत तांबे मिसळले तर फिरोजी रंग येतो. 

मात्र, नुसती आवड पुरेशी नाही. चाकावर हात बसायला वर्षे लागतात. भट्टीचा ताव चुकला तर अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. स्टील व प्लॅस्टिकच्या भांड्यांमुळे साध्या मडक्यांची विक्रीही घटली आहे. म्हणून आवडीला शिक्षणाची जोड हवी. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी ही कला रीतसर शिकता येते.

डॉक्टर, इंजिनिअर जरूर व्हावे. पण मातीत हात घालणाऱ्याला कमी लेखू नये. त्याच्या कामातही विज्ञान आहे, कला आहे आणि कष्टाची भाकरी आहे. मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला मातीची ओढ असेल, तर त्याने ती लपवू नये. जवळच्या एखाद्या कुंभाराकडे जावे, त्याचे काम नीट पाहावे आणि त्याला प्रश्न विचारावेत. शिक्षणाची सुरुवात तेथूनही होते.