अंगणवाडी कोणाच्या अंगणात?

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा बालशिक्षण ही शहरातील सुखवस्तू घरांची चैन समजली जात असे. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत पोचत नाहीत, हे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. अनुताई वाघ यांच्या साथीने तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागडी साधने नव्हतीच. शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांवर मुले मोजू लागली, रंग ओळखू लागली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. आशय मात्र वाटेत सांडला. पूर्वप्राथमिक शिक्षण ही योजनेच्या सहा सेवांपैकी एक. पण आहार वाटणे, वजने घेणे आणि आता मोबाइलवर नोंदी भरणे यांतच सेविकेचा दिवस सरतो. उपाशी मुलाला आधी अन्न हवे, यात शंका नाही. पण शिक्षणाचा तास त्यासाठी बळी का जावा? ऐपतदारांची मुले तिसऱ्या वर्षीच शुल्क भरून शिकू लागतात. मजुराचे मूल पहिलीच्या वर्गात येते तेच मागे पडून.

कायदाही याला हातभार लावतो. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला तो सहाव्या वर्षापासून. त्याखालील मुलांसाठी २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने राज्यावर सोपविला तो केवळ ‘प्रयत्न’.

अशा स्थितीत ‘लोकसहभागा’चा जो उदोउदो चालतो, त्याकडे कार्यकर्त्यांनी सावधपणे पाहावे. लोकांनी जागा द्यावी, आपली बोली आणि गाणी द्यावीत, देखरेख करावी, हे रास्तच. परंतु सेविकेची स्वस्त मजुरी हा लोकसहभाग नव्हे. केंद्राने २०१८ साली तिचे मानधन वाढविले ते दरमहा ४,५०० रुपयांपर्यंत. वेतन हा शब्दच टाळलेला. ग्रॅच्युइटीचा हक्क २०२२ साली सर्वोच्च न्यायालयातून मिळवावा लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले. या संपाकडे केवळ मानधनवाढीचा लढा म्हणून पाहणाऱ्यांत डावे कार्यकर्तेही होते, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

पाड्यावरील सेविका पाड्याची बोली जाणणारी असावी, शिकविण्याच्या वेळी तिच्यावर दुसरे काम नसावे, तिला पूर्ण वेतन मिळावे आणि सहा वर्षांखालील मुलाचा हक्क कायद्यात यावा, या मागण्या एकत्रच मांडाव्या लागतील. पहिल्या दोन मागण्यांचे ठराव येत्या ग्रामसभेतही होऊ शकतात.